निर्व्यसनी हा शब्द तुझा नव्हता

संद्या, तुला पोचवून आलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नाक्यावर तुझा बॅनर लागला. मी दूध आणायला खाली उतरले होते. मागे निळं आकाश, ढग, कोपऱ्यात समई, आणि मधोमध तू, गॉगल लावून. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली ठळक पिवळ्या अक्षरांत 'मनमिळाऊ, हसतमुख, निर्व्यसनी'. मी पिशवी हातात धरून तिथेच थांबले. रडू यायचं सोडून मला असा संताप आला म्हणून सांगू! तू असतास तर तो बॅनर उतरवायला माझ्या आधी खांबावर चढला असतास.

छापून घेतला होता शेलार गावच्या काकांनी. बाबा गेल्यापासून आपल्या घरातले वडीलधारे म्हणजे आपले हे काका, असं त्यांनीच ठरवून टाकलंय. मी तिथूनच फोन लावला. म्हणाले, "अगं वर्षा, नाक्यावर चार लोक वाचतात. पोराला अटॅक आला, विषय संपला. अटॅक काय कोणालाही येतो. मागचं उकरून कशाला काढायचं? आमच्या रोहितचं अजून लग्न जमवायचंय." मी म्हटलं, "काका, संद्याला हा शब्द चालत नव्हता." तर म्हणतात, "आता तो विचारायला येणार आहे का?"

नाही येणार. तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे, कोणी सांगायला नको. पण म्हणून तुझ्या नावावर वाटेल ते खपवायचं का? गेले काही दिवस मी याच एका गोष्टीवरून भांडतेय. घरात माणसं बसायला येतात, मला वाटतं दोन अश्रू ढाळावेत, आणि मी भांडत असते. आईने तर एके दिवशी विचारलं, "तू रडणार हायस का न्हाय?" मी म्हटलं, आधी हा बॅनर उतरू दे, मग बघते.

आपलं दोघांचं याच शब्दावरून किती वाजलं होतं ते आठव. तुझा लग्नाचा बायोडाटा मी लॅपटॉपवर लिहीत होते, तू शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतास. उंची झाली, शिक्षण झालं, मामाचं गाव खारबाव लिहून झालं. मी 'निर्व्यसनी' लिहिलं. तू टरफलांचा हात तसाच पुढे घालून ते खोडलंस. मी परत लिहिलं, तू परत खोडलंस.

"ताई, निर्व्यसनी म्हणजे ज्याने कधी हातच लावला नाही तो. तू निर्व्यसनी आहेस. मी सोडलेला आहे."

"आता घेत नाहीस ना? मग झालं की निर्व्यसनी!"

"नाही झालं. उद्या ती मुलगी माझ्याबरोबर कोणाच्या हळदीला येईल, तिथे मी मध्येच उठून बाहेर पळेन. का पळालो ते तिला कळायला नको? लिही, आधी कोकेन घेत होतो, आता घेत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अरे गाढवा, हे लग्नाचं स्थळ आहे की पोलिसांचा पंचनामा?"

शेवटी ती ओळच गाळली आपण. पण कल्याणच्या त्या स्थळाकडे तू काय केलंस? पोह्याची बशी हातात आली न आली, तू मुलीच्या वडिलांना सगळं सांगून मोकळा. त्यांचा चमचा तोंडापर्यंत जाऊन परत बशीत आला. आई खाली मान घालून पदराचं टोक बघत बसली, आणि मी, आठवीच्या वर्गात नुसता पाय ठेवला तरी पोरं गप्प होतात अशी मी, पोह्यांतले शेंगदाणे मोजत बसले. ती मुलगी मात्र तुझ्याकडे नीट बघत होती, हे मी पाहिलं. नकार दुसऱ्या दिवशी आला.

परत येताना रिक्षात मी तुला असं झापलं की शेवटी रिक्षावाला म्हणाला, "दीदी, भाई ने सच ही तो बोला, गुस्सा काहे को?" मी म्हटलं, "आप सामने देखिए, भैया!" आणि तू बाहेर तोंड करून हसत होतास, नालायका. मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते, पहिल्या भेटीत पोह्यांबरोबर सांगायची काही गरज नव्हती. दुसऱ्या भेटीत सांगायचं. तू म्हणालास, दुसऱ्या भेटीपर्यंत ती माझ्यात थोडी गुंतलेली असेल, मग तिला नाही म्हणणं अवघड जाईल, ती फसवणूक झाली. हे भांडण आपलं मिटलेलं नाही हं. तू गेलास म्हणून तू जिंकलास असं समजू नकोस.

तुझं सुरू कसं झालं हे तू मला नंतर इतक्या वेळा सांगितलंस की मला पाठ झालंय. गोदामं भाड्याने लावून देणाऱ्या त्या ऑफिसात तू होतास. मोठ्या कंपन्यांची माणसं जागा बघायला यायची, तू त्यांना गाडीतून फिरवायचास, फाडफाड इंग्रजी बोलायचास, संध्याकाळी फार्महाउसवर न्यायचास. तिथेच एका साहेबाने मोबाइलच्या काचेवर पांढरी रेघ ओढून तुझ्यापुढे धरली. दारूचा वास येतो, गांजाने डोळे लाल होतात, याचं तसं काहीच नाही. उलट माणूस चुणचुणीत दिसतो. तू म्हणायचास, "मला वाटलं गर्दुल्ला म्हणजे पुलाखाली पडलेला असतो तो. मी तर इस्त्रीच्या शर्टात होतो, ताई."

आधी फक्त शनिवार. मग शुक्रवार, कारण शुक्रवार म्हणजे शनिवारच की जवळजवळ. मग दारूच्या जोडीला, कारण हे नाकात गेलं की दारू चढल्यासारखी वाटतच नाही, आणखी ढोसता येते. दोन्ही एकत्र आलं की यकृतात तिसरंच काहीतरी तयार होतं आणि ते हृदयाला जास्त मारक असतं, हे आपल्याला फार उशिरा डॉक्टरांकडून कळलं. आणि त्याचा अंमल टिकतो किती? अर्धा-पाऊण तास. उतरायला लागलं की जीव कासावीस, म्हणून परत एक रेघ, पुन्हा एक, पुडी संपेपर्यंत. मग रविवार-सोमवार तू पालथा पडलेला. उजेड नको, जेवण नको, कोणी हाक मारलेली नको. मंगळवारी जरा माणसात यायचास आणि बुधवारपासून पुन्हा शनिवारचे वेध. मी शाळेत पोरांना ऋतुचक्र शिकवत होते आणि घरात तुझं असं आठवडाचक्र चाललं होतं. पुढे तर वारही उरला नाही. भर दुपारी, ऑफिसच्या संडासात, एकटाच. सोबत कोणी लागेनासं झालं तेव्हा मी घाबरलो, असं तूच म्हणालास. पण घाबरूनही घेतच होतास.

आणि आम्ही दोघी काय करत होतो? तुझी उष्णता काढत होतो! तुझ्या नाकातून रक्त यायचं आणि आई कांदा फोडून हुंगायला द्यायची. सकाळी सब्जाचं पाणी, रात्री गुलकंद, टाळूवर ओला पंचा. "गोदामाच्या पत्र्याखाली फिरतो, ऊन बाधतंय पोराला." तू वाळत चाललास तर आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. झोपेत कराकरा दात खायला लागलास तर मी जंताचं औषध आणलं. हसू नकोस! तिशीतल्या घोड्याला जंताचं औषध, आणि ते तू निमूटपणे घेतलंस. तोंडातून एक अक्षर न काढता एरवी तू साधी खोकल्याची बाटली कधी प्यायला होतास का?

मग तू दाराच्या भिंगावर चिकटपट्टी लावलीस. आई आणि मी ओट्याशी भाजी निवडत बोलत होतो, तर येऊन विचारलंस, "कोणाला सांगताय माझ्याबद्दल?" वीज जाऊन समोरच्या गल्लीतले कापडाचे लूम बंद पडले की आपल्या घरात अशी शांतता व्हायची की कान दुखायचे. ती शांतता झाली की तुला वाटायचं कोणीतरी मुद्दाम कान देऊन ऐकतंय. त्या दिवसांत तुझे डोळे बघून मला माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटली. हे मी आईला कधी सांगितलं नाही, तुला सांगितलं होतं.

पण माझ्या मनातला तू सुरू होतोस तो दवाखान्यातल्या त्या दुपारपासून. छातीत कळ येतेय म्हणून तू शाळेत फोन केलास, मी रिक्षा करून आईसकट तुला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हातात कार्डिओग्रामची पट्टी घेऊन त्यांनी आम्हा दोघींना बाहेर थांबायला सांगितलं. तू म्हणालास, "थांबू देत. त्यांच्यासमोरच सांगतो." घामाने भिजला होतास, बोटं माझ्या मनगटात रुतली होती, आणि तू म्हणालास, "आई, मी कोक घेतो. खूप दिवस झाले."

आई म्हणाली, "मंग ता सोड ना बाबा! थंडगार पिऊन छातीच भरणार. मी म्हणतेच कवापास्न, घरी कोकमचा सरबत करून ठेवते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. तू रडता रडता हसलास. मीही हसले, कारण दुसरं काय करणार होते? मग तू आईला कॉटवर शेजारी बसवून तो शब्द पुरता उच्चारलास. कोकेन. पावडर. नाकातून. नशा. एकेक शब्द तिच्या पुढ्यात ठेवत होतास आणि तिचा चेहरा बघत होतास. मग तिने पदराने तुझं कपाळ पुसलं. संद्या, आयुष्यात मी पुष्कळ धीट माणसं पाहिली असतील, पण त्या कॉटवर छातीला तारा लावून आईला खरं सांगणारा तू, त्याच्याइतकं धीट मला कोणी भेटलेलं नाही.

बाईंनी नीट समजावलं. या पावडरीने हृदयाच्या नळ्या आवळतात, ठोके उधळतात, रक्तदाब भडकतो, तरण्या माणसालाही झटका येतो. दारू सोडवायला, गर्द सोडवायला थोड्याफार गोळ्या तरी आहेत, याची ओढ घालवणारी अशी खात्रीची गोळी नाही. बोलायचं, उपचार घ्यायचे, आणि जागा, माणसं, वेळा बदलायच्या. आई म्हणाली, "वेळा म्हंजे?" तू म्हणालास, "शनिवार."

कर्जतच्या बाजूच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात तू राहिलास तेव्हा काकांनी सगळ्यांना सांगितलं, संदेश दुबईला गेलाय. झालं! येईल तो नातेवाईक मला विचारायचा, आम्हाला खजूर कधी आणतोय? तू परत आलास आणि पहिल्याच लग्नात, पंगतीत, आत्याने "काय रे, दुबई मानवली का?" म्हटल्यावर म्हणालास, "आत्या, मी कर्जतला होतो. नशा सोडवायला." आत्याचा जिलबीचा हात हवेतच. काका ताट सोडून उठले. मी खाली बघून श्रीखंड चाटत होते आणि मनात म्हणत होते, शाब्बास रे पठ्ठ्या! आता खजूर तरी मागणार नाहीत.

लोकांना वाटतं, आत राहिला, सुटली. कसली सुटते! तू म्हणायचास, "दारुड्याचे हात कापतात म्हणून घरचे त्याला धरतात. माझं काहीच कापत नव्हतं, म्हणून मला कोणी धरेना." तुला नुसती झोप यायची आणि काहीच बरं वाटायचं नाही. आईने केलेली भाकरी नाही, पाऊस नाही, क्रिकेट नाही. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायचास. स्वप्नात रेघा दिसायच्या. टीव्हीवर कोणी पिठाचा डबा उघडला तरी तू उठून गॅलरीत जायचास. तरी तू जुने सगळे नंबर काढून टाकलेस, ते ऑफिस सोडलंस, एका गोदामात दिवसपाळीची स्टोअरची ड्युटी धरलीस, पूर्वीच्या निम्म्या पगाराची. जिथे साहेब म्हणून गाड्या आणायचास त्याच आवारात डबा घेऊन जायला लागलास. काका म्हणाले, इज्जत गेली. मी म्हटलं, हीच इज्जत.

आणि शनिवार! शनिवारचं काय करायचं ते तूच शोधून काढलंस. ड्युटी सुटली की आईला घेऊन एसटीने गणेशपुरीला. गरम कुंडात पाय सोडून दोघं बसायचात, आई गुडघे शेकायची, तू तिला गोदामातल्या गमती सांगायचास. मुक्काम करून रविवारी परत. आईचे गुडघे त्या काळात जितके बरे होते तितके आधी कधीच नव्हते. भावकीत सगळे म्हणायचे, पोरगा देवभोळा झाला. तू म्हणायचास, "देवाचं देव बघेल, मला शनिवार ढकलायचाय."

एकदा पाय घसरला. एका मित्राच्या हळदीत, डीजे चालू, जुनी दोस्तमंडळी, मागच्या बाजूला उभी गाडी. मला हे कोणी चुगली करून सांगितलं नाही. सकाळी मी पोळ्या लाटत होते, तू आलास आणि म्हणालास, "ताई, काल मी घेतली." माझ्या हातात लाटणं होतं. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, आई मध्ये पडली म्हणून लाटणं हातातच राहिलं. तू दाराशी उभं राहून सगळं ऐकलंस. मग म्हणालास, "ओरड तू, तुझा हक्क आहे. पण आता मी मीटिंगला चाललोय. उरलेलं आल्यावर ऐकतो." आणि खरंच गेलास! कल्याणच्या एका शाळेच्या वर्गात नशा सोडणाऱ्यांची जी मीटिंग भरते तिथे, सगळ्यांसमोर उभा राहून, दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आल्यावर समोर बसलास आणि म्हणालास, "हं, बोल." मी म्हटलं, जेवायला बस.

त्यानंतर तू पुन्हा घेतली नाहीस. मीटिंगला नव्याने येणाऱ्या पोरांना रात्री-अपरात्री फोनवर धरून ठेवायचास, कोणाला केंद्रात पोचवून यायचास. पण तू स्वतः कधी "सुटली" म्हणाला नाहीस. "आज नाही घेतली," एवढंच. मला राग यायचा. पोरगा परीक्षा पास झाला तरी पास झालो म्हणत नाही म्हटल्यावर शिक्षकाने काय करायचं?

आमच्या शाळेत तुला बोलावलं होतं ते आठवतं? मुख्याध्यापक म्हणाले, चार शब्द बोला, व्यसन वाईट वगैरे. माझ्याच वर्गातल्या एकीने हात वर करून विचारलं, "सर, एकदा घेतलं तर काय होतं?" तू म्हणालास, "छान वाटतं." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, गेली माझी नोकरी. तू शांतपणे पुढे म्हणालास, "मला सगळ्यांनी सांगितलं होतं, वाईट असतं. पहिल्यांदा घेतलं तर छान वाटलं. मग मला वाटलं, सगळे खोटारडे आहेत, आणि पुढे कोणी काही सांगितलं तरी मी ऐकलं नाही. म्हणून मी तुम्हाला खोटं सांगत नाही. छान वाटतं, आणि त्यानंतर दुसरं काहीच छान वाटत नाही." पोरं अशी चिडीचूप झाली, जशी माझ्या धाकानेही होत नाहीत. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. शेजारी मराठीच्या बाई होत्या, त्यांना मी मोठ्याने म्हटलं, "माझा भाऊ आहे तो."

शरीराने मात्र तुला सगळं माफ केलं नाही. वजन भरलं, झोप लागायला लागली, नाकाच्या पडद्याला पडलेलं भोक तेवढं राहिलं, त्यातून तू शिट्टी वाजवून आईला चिडवायचास. पण हृदयाचा स्नायू ढिला पडला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की काहींचं सोडल्यावर सुधारतं, तुझं थोडंच सुधारलंय, जपा. तू गोळ्या घ्यायचास, मीठ तोडलंस, आईची सुकट बघून नुसता वास घ्यायचास. तुझ्या दोन उशा झाल्या, मग तीन. जिना चढताना मध्ये थांबून माझ्याशी उगाच काहीतरी बोलायचास, दम लागलाय ते कळू नये म्हणून. मला कळायचं. मीही उगाच उत्तर द्यायचे.

खारबावला मामांच्या ओट्यावर चहा पीत होतास. कप खाली ठेवलास, "जरा टेकतो" म्हणालास, आणि गेलास. इतकंच. मामा म्हणतात चेहरा शांत होता. मी बघितला, होता.

लोक म्हणतात, माणूस गेल्यावर कळतं काय काय सांगायचं राहून गेलं. माझं असं काही राहिलेलं नाही, बाबा. तुझा मला अभिमान वाटतो हे मी तुला ओरडून ओरडून सांगितलंय, शेजाऱ्यांनाही पाठ झालंय. राहिलंच असेल तर एवढंच, की त्या पोह्यांच्या बाबतीत तुझंही थोडं बरोबर होतं. थोडं.

तर तो बॅनर. मी आईपुढे विषय काढला. म्हटलं, काका म्हणतात राहू दे, लोक काय म्हणतील. आई तुझे शर्ट घडी करत होती. घडी करता करता म्हणाली, "खोटा बोलला ना माझा पोर, लय बोलला. मंग त्या दवाखान्यात एक दिवस खरा बोलला, तवापास्न खराच बोलत आला. आता मेल्यावर आपण त्याला परत खोटा करायचा? जे हाय ते लिव." मग तिने तोच शर्ट उलगडून पुन्हा त्याची घडी केली.

फ्लेक्सवाल्याला मी कागदावर लिहून दिलं. त्याने दोनदा वाचलं. "मॅडम, असा बॅनर आपण कधी केला नाय. कोकेन... असंच टाकू? नाक्यावर?" मी म्हटलं, असंच टाक, काना-मात्रा चुकवू नकोस. "गॉगलवाला फोटो ठेवू? भारी दिसतो." तो ठेव म्हटलं. तुला आवडायचा. आता तिथे लिहिलंय, 'संदेश. कोकेनच्या व्यसनात पडला, स्वतः बाहेर आला, आणि दुसऱ्यांना हात देत राहिला. आम्हाला त्याचा अभिमान आहे.' खाली शोकाकुल म्हणून फक्त आई आणि ताई. काकांनी निरोप पाठवला होता, माझं नाव काढा. काढलं. दहाव्याला घाटावर ते माझ्याशी बोलले नाहीत, पिंडाला कावळा शिवेपर्यंत पाठ करून उभे होते.

नाक्यावर लोक थांबून वाचतात. कोणी हसतं, कोणी मोबाइलवर फोटो काढतं. भाजीवाली म्हणाली, "असं कोणी लिहितं का गं पोरी?" मी म्हटलं, आम्ही लिहितो.

काल दुपारी काकी आली, एकटीच. मला वाटलं, आता काकांच्या वतीने भांडायला आली. आई आत पडली होती. काकीने आपणहून दार लोटलं, पाणी नको म्हणाली, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. खूप वेळ नुसत्या बांगड्या मागे-पुढे करत होती. मग म्हणाली, "वर्षा, आमच्या रोहितच्या उशीला रक्त असतं. मी पण उष्णताच समजत होते गं. बॅनर वाचला आणि..." मी स्टूल ओढून तिला बसवलं. म्हटलं, उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, मी येते. रविवारी मीटिंगला पण मीच घेऊन जाईन. काकी मान हलवत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"त्याला पण लोक गर्दुल्ला म्हणतील का?"

"म्हणतील, काकी. संद्यालाही म्हणाले. आणि त्याला नेलं त्या दिवशी स्मशानात उभं राहायला जागा नव्हती. पार फाटकाबाहेर रस्त्यावर माणसं होती. त्यातली अर्धी मी ओळखतही नव्हते. येऊन माझ्या पाया पडत होती, याने आम्हाला वाचवलं म्हणून."

काकीने डोळे पुसले. उठून गॅलरीत गेली. मी तिच्या मागे गेले तर खाली काकांची गाडी उभी, काका स्टिअरिंगला धरून बसलेले, मागच्या सीटवर रोहित, काचा बंद. काकीने कठड्यावरून वाकून हाक मारली, "अहो, वर या. त्याला पण आणा."